ओहोटीचं कॅलेंडर

नोव्हेंबरात दोसिंदाच्या पोटाचं मांस काढून
छातीवर बसवलं सर्जननं.
नऊ तास.
आम्ही चौघी खाली कॅफेत
दोन कॉफ्या पुरवून पुरवून प्यायलो.
आता तिच्या डाव्या छातीवर
दोन बाळंतपणांच्या पांढुरक्या रेषा आहेत
आणि बेंबीखालचा तो तीळ,
जो आजवर दोनच पुरुषांनी पाहिला होता.
दोन, असं ती म्हणते. आम्ही मोजायला जात नाही.

मग कागद आला. किरण घ्यायचे. पंचवीस वेळा.
सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊ चाळीस, व्हिगो.
तिनं भिंतीवरून ओहोटीचं कॅलेंडर उतरवलं,
चष्मा लावला, फोन फिरवला.
"बारा तारखेला नऊ चाळीसला पाणी तळाला असतं.
दुसरी वेळ द्या."
पलीकडची मुलगी म्हणाली,
"बाई, खाऱ्या पाण्यात तर तुम्हाला
इतक्यात जायचंच नाहीये."
फोन ठेवायचं विसरून उभी राहिली दोसिंदा.
खाडीत तेव्हा भरती होती, नशीब.

गाडी माझी. हीटर बिघडलेला.
मागच्या सीटवर माझे बूट, माझा दाताळा,
आणि सगळ्या रस्त्याला चिखलाचा वास.
ती म्हणते, राहू दे, खिडकी उघडू नकोस.

सुरुवातीलाच गोंदलं तिला.
तीन ठिपके, मोहरीएवढे,
यंत्राला रोज तीच जागा सापडावी म्हणून.
"तेहतीस वर्षं वाळू उकरतेय,
मला खुणेवाचून तिसरी सापडते,
आणि या एवढ्या धुडाला गोंदण लागतं?"
आत ब्राइस नावाचा पोरगा पट्टी लावून मापं घेतो.
ती विचारते, भरले का मापाला?
की टाकताय परत पाण्यात?

श्वास घ्या, तो स्पीकरवरून सांगतो. धरा.
तेवढ्यानं काळीज बाजूला सरतं म्हणे,
किरणांच्या वाटेतून.
बोगद्यात शिरलो की आम्ही दोघी सराव करतो.
मी अर्ध्यातच सोडते.
ती उजेड येईपर्यंत धरून असते, लालबुंद,
आणि मग माझ्याकडे बघून
शाळेतल्या पोरीसारखी हसते.

सर्जननं काही लपवलं नव्हतं.
हे आक्रसेल कदाचित, कडक होईल,
किंवा नाही होणार. सांगता येत नाही.
"बाळाचं झबलं शिवायचं," ती म्हणाली,
"आणि मग ते उकळत्या पाण्यात घालून
बघायचं, बसतंय का."

अठराव्या दिवशी कातडी वांग्याच्या रंगाची झाली.
काखेत सालपटं.
मी मलम लावत होते, फुंकर घालत होते
आणि मीच कळवळत होते.
ती भिंतीकडे बघत म्हणाली,
"उगाच फुंकतेस. तिथं मला काही कळत नाही.
दुसऱ्याच्या घराला आग लागलीय
आणि मी रस्त्यावरून बघतेय, असं वाटतं."
मग जरा थांबून,
"पण घर माझंच आहे ना गं?"
मी मलमाचं झाकण शोधत राहिले.

आज पंचविसावा.
ब्राइससाठी तिनं दोन किलो तिसऱ्या नेल्या,
मी उकरलेल्या, पण निवडल्या तिनं,
एकेक, किनाऱ्यावर, कोरड्या बुटांनी उभी राहून.
पोरगा शहरातला. विचारतो,
जिवंत कुठली, कसं ओळखायचं?
"उघडी दिसली तर टिचकी मार.
मिटली, तर जिवंत."

पार्किंगमध्ये मी किल्ली शोधत होते.
तिनं कोटाची चेन खाली ओढली,
ब्लाउजवरूनच
दोन बोटांनी टिचकी मारली,
डावीकडे,
आणि मान तिरकी करून थांबली.

"काय?" मी विचारलं.

"श्श. थांब जरा."