सुट्टे

नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात, शेवटच्या फेरीला
मागच्या सीटखाली पुस्तक सापडलं :
जपानी, रोजच्या प्रवासापुरतं.
वडाळा डेपोत जमा केलं, पावती घेतली.
वर्षानं ग्रॅच्युइटीची चौकशी करायला गेलो तेव्हा
खिडकीतल्या मोंतेरोनं तेच पुढे सरकवलं,
"पैसे नाही आले, तांडेल. हे ने."

तर अशी सुरुवात. एकोणसाठाव्या वर्षी.
दुपारी भाताची सुस्ती झटकून
गच्चीच्या जिन्यात बसतो, तिथे वारा असतो,
आणि जुन्या वेबिलांच्या पाठींवर गिरवतो
आ का सा ता ना हा मा या रा वा.
रांग ओळखीची वाटली. आपलीच वर्णमाला,
फक्त ख, घ, छ, झ वगैरे मंडळी
मधल्याच कुठल्या स्टॉपवर उतरून गेलेली.

क्रियापद शेवटी येतं, हे बरं वाटलं.
माणूस शेवटपर्यंत ऐकून घ्यावा लागतो,
जातो म्हणतोय की जात नाही म्हणतोय.
'त्सु'साठी जीभ वळवायला नको,
चमच्यातला च घरचाच आहे.
वाक्याच्या शेपटीला 'ने' लावतात,
आपण नाही का म्हणत, ऊन आहे ना, तसं.

सातव्या धड्यानं मात्र झोप उडवली.
तिकडे गावाकडच्या बसला कंडक्टर नसतो.
मागच्या दारानं चढायचं,
यंत्रातून आकड्याची चिठ्ठी ओढायची,
समोरच्या फळ्यावर त्या आकड्याखाली
भाडं वाढताना आपलं आपण बघत राहायचं,
उतरताना चिठ्ठी आणि पैसे
ड्रायव्हरशेजारच्या पेटीत.
नोट मोडून देणारी फटही त्याच पेटीला.
एकतीस वर्षं ज्यापायी शिव्या खाल्ल्या
ते काम एक फट करते!
कालिंदी म्हणाली, मग तिकडे तुम्हाला कोण विचारतंय?
म्हटलं, प्रवासी होईन.
बसमध्ये बसलो कधी गं? उभाच तर होतो.

आता हॉलमधून ओरडतो,
त्सुगि, तोमारिमासु! पुढचा थांबा घेणार!
ती आतून : थांबा मग,
कुकरच्या दोन शिट्ट्या व्हायच्यात.

एक शब्द मात्र कुणाला ऐकवत नाही.
वासुरेमोनो. विसरून राहिलेली वस्तू.
म्हणताना वासरूच डोळ्यांपुढे येतं,
डेपोत उभ्या गाडीत
एकटंच बांधून राहिलेलं.

परवा शिवडीच्या थांब्यावर तो दिसला.
कपाळावर हेल्मेटचा वळ, बुटांवर पुलाचं सिमेंट,
खिशावर तीन अक्षरं. मी जुळवली :
मो, रि, ता.
रस्त्यावर वाचलेला माझा पहिला शब्द,
आणि तो घामेजलेला.
घसा साफ केला.
दोको ए इकिमासु का,
चार महिने घोटलेलं वाक्य.
तो दचकला. हातात पाचशेची नोट.
माझ्याकडे बघून, एकेक अक्षर
अंड्यासारखं जपून ठेवत म्हणाला,
"सुट्टे आहेत का?"

तेवढंच मराठी असावं त्याला.
कुणी शिकवलं असेल आणि कुठल्या आवाजात,
ते मला विचारू नका.

दोन्ही खिसे उलटे केले.
पाचशेचे कुठून निघणार?
बस आली. त्याचं तिकीट मीच काढलं,
कंडक्टर पोरगी होती, डोळे न उचलता म्हणाली, पुढे चला.
पुढे जाऊन दांडा धरून उभा राहिलो, सवयीनं.
त्यानं शेजारची जागा तळव्यानं पुसली,
"दोझो."
हे दुसऱ्या धड्यात होतं.
बसलो.