उशिराचं फूल

रिश्तानमध्ये कुणालाही विचारा, प्याल्यावर काय काढतात:
बोंड.
निळ्या जमिनीवर फुटलेलं पांढरं बोंड.
वडिलांनी जन्मभर तेच केलं,
म्हणजे चाक त्यांचं, कुंचला अनोरचा.
बहिणीच्या हातून बोंड डोळे मिटूनही उमटायचं.
मी भट्टीवाला. मला जाळ कळतो, बाकी काही नाही.

वडील गेले त्या हिवाळ्यात चाकावर धूळ बसली.
वसंतात एका सकाळी पाहतो तर
बहीण चाकावर बसलेली,
कोपरापर्यंत पिवळी माती.
शेजारचा तुर्गुन म्हणाला,
बाईनं चाक फिरवलं की भट्टी रुसते.
भट्टी माझ्या भावाची आहे, ती म्हणाली, त्याला विचार.
मी सरपण फोडत राहिलो.

तिला फूल हवं होतं.
बोंड नाही, बोंडाच्या आधीचं.
ते कोण बघतं?
आम्हाला शेतावर नेत तोवर फुलं सरलेली असत.
सप्टेंबरात शाळेला कुलूप, अख्खा वर्ग बसमध्ये,
कमरेला झोळी, बोटांवर वाळक्या बोंडांचे ओरखडे,
आणि संध्याकाळी काटा.

ती तेरा वर्षांची. मी अकराचा, शेजारच्या सरीत.
एका पऱ्हाटीच्या शेंड्याला तिला एक सापडलं,
सायीच्या रंगाचं,
पाच पाकळ्या एकमेकींवर ओढून घेतलेल्या.
उशिराचं आहे, मुकादम म्हणाला,
थंडीच्या आत धरायचं नाही. तोड, नाहीतर राहू दे.
तिनं तोडलं. रुमालाच्या गाठीत बांधलं.
रात्री बराकीत गाठ सोडली तर फूल गुलाबी.
हात दाखव, ती म्हणाली, काय लावलंस याला?
मी भाकरीची शपथ घेतली.
तरी तिनं नखं उलटसुलट करून पाहिली.
त्या दिवशी तिचं तीन किलो कमी भरलं, ते वेगळंच.

आता ती पाकळी अंगठ्यानं वळवते,
एक अर्धी दुसरीखाली.
ओली असली तर बसते, सुकली तर चिरते,
मधला वेळ चहा निवण्याइतका.
वाळवंटातलं झुडूप जाळून त्याची राख, गारगोटीची पूड,
तांबं घातलं की आमचा निळा येतोच, बोलवावा लागत नाही.
गुलाबी आमच्या घराण्यात नाही.
तिनं मँगनीज आणलं. चिमूटभर, मग अर्धी चिमूट,
मग नुसती चिमटीची आठवण.
पहिली भट्टी: वांगी. अगदी भरायला घ्यावीत अशी.
दुसरी करपली.
तिसरी फुटली; सरपण ओलं होतं, मी अजून कबूल केलेलं नाही.
चौथीत एकवीस. त्यातले वीस फिके.
आणि मागच्या कोपऱ्यात, जिथे भिंतीला चीर आहे,
जी मी दोन वर्षं लिंपायची टाळतोय,
तिथला एक:
आत साय, आणि काठाकाठानं
कुणी आत्ताच गाठ सोडल्यासारखं.

ताश्कंदहून व्यापारी आला.
प्याला उजेडात धरून म्हणाला, असे चाळीस करा.
तिनं मलाच विचारलं, चीर लिंपलीस?
नाही.
मग राहू दे तशीच.
आणि त्याला म्हणाली, चाळिसांचं सांगता येत नाही.
त्यानं दोन डझन बोंडं नेली, निळी,
पैसे मोजून दिले, गवतात नीट बांधून घेतली.

तो गेल्यावर तुतीखाली बसलो.
तिनं त्याच प्याल्यात चहा ओतला,
तळ झाकेल एवढाच, पाहुण्याला देतात तसा;
भरून दिला तर ऊठ म्हटल्यासारखं होतं.
मी घोट घेतला
तर दोन पाकळ्यांच्या दुमडीतून
चहा मनगटावर ओघळला.
गळतंय गं, मी म्हणालो.
हात दाखव, ती म्हणाली.