सहावं बोट

लिएपायात एकच ट्राम धावते,
पोलादाच्या बंद कारखान्यापासून तळ्यापर्यंत, आणि परत.
बावीस वर्षं मी ती चालवते आहे.
चालवते म्हणजे काय, वेग देते, ब्रेक लावते.
वळायचं कुठे ते रुळांनी आधीच ठरवून टाकलंय.

डेपोतला गुन्वाल्दिस म्हणाला,
जागेपणी दिवसातून दहादा बोटं मोज.
सवय मुरली की झोपेतही मोजशील,
आणि तिथे म्हणे हिशेब कधीच जुळत नाही.
तेव्हा कळेल तुला. मग स्वप्न तुझ्या हातात.

मी प्रत्येक थांब्यावर मोजू लागले.
चर्च, पाच. इस्पितळ, पाच. बाजार, पाच.
पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्या स्काइद्रितेने विचारलं,
"पोरी, कुणाचं देणं राहिलंय का?"

उशाशी वही ठेवली.
जाग आली की हलायचं नाही,
हललं की सांडतं,
काठोकाठ भरलेल्या बशीसारखं.
पहिल्या आठवड्यात हाती लागलं ते एवढंच:
"करडं काहीतरी. जिना. कुणीतरी केफिर मागतंय."
दुसऱ्यात: "परत जिना."
तिसऱ्यात जिन्याला दिवा आला.

मग पहाटे चारचा गजर.
उठायचं, खिडकीशी वीस मिनिटं काळा पाव चावत बसायचं
(वारा किनाऱ्यावरची वाळू आणून काचेला घासत असतो),
पुन्हा आडवं व्हायचं आणि ओठातल्या ओठात,
पुढच्या वेळी स्वप्नात असेन तेव्हा मला कळेल,
पुढच्या वेळी स्वप्नात असेन तेव्हा तिकिटं,
पुढच्या वेळी तिकिटं ओली,
पुढच्या

एक रीत मी एकदाच केली.
देह झोपू द्यायचा, आपण मात्र जागं राहायचं,
जणू कुणाच्या घरातून चोरपावलांनी निघतोय.
हातपाय दगड झाले. कानात विजेच्या तारेची गुणगुण.
आणि छातीवर कुणीतरी बसलं, सावकाश, जागा हेरून.
ओरडायला तोंड शोधलं, तोंड नव्हतं.
तेव्हा आई आठवली, बीट सोलता सोलता म्हणालेली,
लिएतुवेन्स बसला ना छातीवर,
तर डाव्या पायाचा अंगठा हलव.
गुन्वाल्दिसच्या कुठल्याच कागदात हे नव्हतं.
अंगठा हलला.
मी दिवा लावून सकाळपर्यंत मोजे रफू केले.

मार्चमध्ये, काही न करता झोपले त्या रात्री,
लिव्हरवर माझा हात होता, आणि हाताला सहा बोटं.
सहावं अगदी सरळ, वळणदार नखाचं,
बाकीच्या पाचांपेक्षा नीटनेटकं.
म्हटलं, अच्छा.

पुढे रूळ संपत होते. मी म्हटलं, डावीकडे.
आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा ट्राम डावीकडे वळली.
डावीकडे समुद्र.
चाकांखाली पाणी दबत होतं, गादीसारखं, फुटत नव्हतं.
तळवे एकमेकांवर चोळले, स्वप्न विरू नये म्हणून.
उडता आलं असतं. दिवस उजाडवता आला असता.
एखादं शहर उभं करता आलं असतं, चार लाइनींचं,
जिथे माणसं ट्राम बदलतात.

मागून आवाज आला,
"माझा बाजाराचा थांबा."
स्काइद्रिते. मांडीवर धुरी दिलेल्या माशांची पिशवी.
मी सांगू शकले असते, बाई, तुम्ही नाही आहात.
सांगितलं नाही.
ब्रेक लावला. दार उघडलं.
ती लाटेवर उतरली, काठी टेकून,
आणि नेहमीसारखं, मागे न बघता, "आभार."

तेवढ्यात कडा पातळ व्हायला लागल्या.
सांगितल्याप्रमाणे गरगर फिरले,
तर छताला जाऊन लागले, माझ्याच.

वहीत लिहिलं: "बाजार. वेळेवर."
मग बराच वेळ रागावून बसले. कुणावर ते कळेना.

पाच चाळीसची पहिली फेरी.
स्काइद्रिते चढली, बसली, रुमाल सारखा केला.
"आज किती?"
मी हात वर करणार होते,
पण पुढे वळण होतं.
"थांबा," म्हटलं, "एवढं वळण घेते."