सातखणी

रेवदंड्यात सातखणी विचारत पोचलो.
मोजले. चारच खण.
"वरचे तीन कुठे?"
"ते गेले आभालान," गोमा म्हणाला,
पायात काथ्याचा फास,
अर्धी पोफळ चढून झालेली.

जिना नाही. आत शिरून वर पाहिलं :
खिडकीवर खिडकी, मजले गळालेले,
एकच उभी पोकळी
आणि पारव्यांच्या शिटेचा वास.
इथेच कुणीतरी रात्र रात्र
शिडांची वाट बघत जागायचं,
झोपेला शिव्या घालत,
लांबच्या कुठल्या गावच्या भाषेत.

बाहेर येऊन ओरडलो,
"काय दिसतंय रे?"
गोमाने शेंड्यावरून
दर्या पाहिला, खाडी पाहिली,
कोर्लईकडे जरा जास्तच वेळ.
"तुमची गारी," म्हणाला,
"उनान हाय."
आणि पोफळ वाकवून
शेजारच्या पोफळीवर गेला.