काहीच चालू नाही

गोळीबार चौकातली लाइट सव्वाबाराला गेली
तेव्हा लॅपटॉपवर शंभर टक्के होते.
मी हात लावला नाही.
कूलरची पाती थांबेपर्यंत पाहत बसले,
खसच्या ताट्यांतून शेवटचं पाणी ठिबकत होतं.
मग माठातलं पाणी प्यायले, पोळी खाल्ली,
परत आले तर एकेचाळीस.

कुणी खाल्ले?

स्क्रीन मंद केली, इतकी की
त्यात स्वतःचाच चेहरा जास्त दिसायला लागला.
वायफाय बंद. ब्लूटूथ बंद.
कीबोर्डखालचा उजेड बंद.
पेन टॅबलेट उपटून वायर गुंडाळून ठेवला.
तरी खालून तळवा लावला तर गरम,
ताप आलेल्या पोराच्या पोटासारखं.
तेहतीस.

सीताबर्डीच्या इक्रामभाईंना फोन केला.
म्हणाले, बॅटरी नका बदलू मॅडम,
दिवाळीत मीच टाकली न ती, चांगली आहे.
आत कोणीतरी जागं बसून आहे.
त्याले शोधा.

शोधलं.
चालू कामांची यादी उघडली:
शून्य, शून्य, पॉइंट एक, शून्य,
आणि सगळ्यांच्या वर
माझं डिझाइनचं सॉफ्टवेअर,
ज्याच्याकडे मी सकाळपासून पाहिलंही नाही,
जे खालच्या पट्टीवर
कुंकवाच्या डबीसारखं मिटून ठेवलंय.
प्रोसेसर त्याच्याच ताब्यात.
काय करतंय?
काहीच नाही.
एक रेघ नाही, एक रंग नाही.
नऊशे चौदा फाँट मोजतंय, संपले की पुन्हा मोजतंय.
दर दोन मिनिटांनी
न बदललेली फाइल सांभाळून ठेवतंय.
कोणी जवळून पाहायला आलंच तर म्हणून
मोठं चित्र मांडून तयार बसलंय.

बाबांना सांगितलं.
ते खाटेवर, ओला पंचा छातीवर टाकून.
पॉवरलूमवर पंचवीस वर्षं काढलेला माणूस,
त्याला कळलं लगेच.
म्हणे, सूत संपलं तरी माग थांबत नाही व.
धोटा रिकामाच पळते इकडून तिकडं.
कापडाचं मीटर वाढत नाही,
लाइटचं वाढते.
मग तुम्ही बंद नव्हते करत?
करत होतो न. पण मालक म्हणे,
राहू दे चालू, सूत येऊन राहिलं.

खिडकी वर आणली.
कुंभलकरांची पत्रिका.
साडेतीन आठवड्यांपासून उघडी.
बंद नका करू, संध्याकाळपर्यंत तारीख सांगतो,
असं म्हणाले होते ते, पेढा हातात देऊन.
वर गणपती, दोन्ही अंगांना केळीचे खांब,
चि. सौ. कां. तेजस्विनी, सोनेरी वळणात,
खाली शुभमुहूर्त, आणि पुढं
रिकाम्या चौकटीत ती उभी रेघ.
आहे. नाही. आहे. नाही.
तिनंच बॅटरी प्यायली असं मी म्हणणार नाही,
इक्रामभाई हसतील.
पण तेवीस उरले होते
आणि मला दुसरीकडं पाहता येईना.

फोन लावला.
कुंभलकर म्हणाले, पाहतो, दोन दिवसांत.
मागून मुलीचा आवाज आला:
सांगून टाका न बाबा त्यांना.
मग बराच वेळ नुसता पंखा ऐकू आला.
त्यांच्याकडं लाइट होती.

बंद करू का, मी विचारलं.
फाइल राहील न?
राहील.
मग करा.

बदल जतन करायचे का, असं आलं समोर.
कोणते बदल?
साडेतीन आठवड्यांत मी
एक ठिपकाही हलवला नव्हता.
तरी हो म्हटलं.

आतला बारीक पंखा घरघरत होता
हे तो थांबल्यावर कळलं.
एकोणीस.
बाबांनी कूस बदलली, पंचा वाळला होता,
तो मी पुन्हा भिजवून आणला.
चार वाजले. लाइट नव्हती.
अठरा.