रात्रीचं रक्त

साडेआठ ते बारा, अशी आमची ड्युटी.
दिवसा घेतलं तर थेंबात काही सापडत नाही,
हे मी सव्वीस वर्षं लोकांच्या दारात उभा राहून सांगितलं,
बॅटरी स्वतःच्याच तोंडावर धरून,
चोर नाही हे कळावं म्हणून.

तारीवाडीतल्या कुत्र्यांनी
पहिल्या वर्षी चावून घेतलं,
मग खाडीच्या बांधापर्यंत सोबत यायला लागली.
पेटीत स्पिरिट, कापूस, सुया, पन्नास काचा.
सोडणं कुजवायच्या खड्ड्यांचा वास
आणि त्यावर घोंघावणारे ते,
ज्यांचं काम मी उलट बाजूनं करत होतो.

डाव्या हाताची अनामिका पुढे करा.
जेवून उठलेली, अजून आमटीचा वास असलेली बोटं.
आईच्या खांद्यावर झोपलेल्या पोराचं
एकच बोट जागं व्हायचं, आणि मग सगळं पोर.
थेंब गोल फिरवत काचेवर पसरायचा,
पावलीएवढा.

सुंदराबाई कुबल म्हणाली, माका टोच आधी.
तिची डावी चप्पल बाजारातली.
उजवी टायरची,
मालवणच्या मोच्यानं कागदावर पाय ठेवून घेऊन
रेघ मारलेली. कागद पुरला नाही,
दुसरा जोडावा लागला, हे तीच हसून सांगायची.
लग्नाकार्यात ती भिंतीकडेला बसे,
पानं वाढून झाल्याशिवाय उठत नसे.
"पण दिवसाचे खय रवतत रे ते?"
फुफ्फुसात, आजी. काळोख पडला की बाहेर येतात.
"म्हणजे आमच्या घोवासारखेच,"
ती म्हणाली, आणि बोट दिलं.

त्या रात्री देवळामागे दशावतार होता.
चुडताच्या आडोशाला जयवंत रंग लावत होता.
अर्धा चेहरा द्रौपदीचा, अर्धा
होडीवर जाणाऱ्या पोराचा.
एक हात आरशाला लागत होता, दुसरा मला दिला.
घुंगरं बांधून झाली होती.
त्याच्या पावलांबद्दल तीन गावांतल्या बायका बोलायच्या,
बाईलासुद्धा असे पाय नसतात.

सकाळी दुर्बिणीखाली
सुंदराबाईची काच कोरी.
हे मला ठाऊक होतं. पाय सुजवून
आतले केव्हाच मरून गेलेले असतात,
रक्तात सोडायला त्यांच्याकडे पिल्लं उरत नाहीत.
तरी मी ती काच दोनदा पाहिली.
जयवंतच्या काचेवर चौदा.
रंगवलेले, निपचित,
कुणी घाईत सही करून गेल्यासारखे.

बारा दिवसांच्या गोळ्या नेऊन दिल्या.
तिसऱ्या रात्री त्याला ताप भरला, जांघेत गाठ.
मी म्हटलं, ते मरतायत म्हणून येतो ताप, घे.
तो म्हणाला, माका तर काय्येक नाय,
पायाकडे बघ तू. आणि त्यानं
अंगणातल्या शेणावर एक गिरकी घेतली.
उरलेल्या गोळ्या
नंतर मला त्यांच्या विहिरीच्या कठड्यावर दिसल्या,
दवानं फुगलेल्या.
मी त्या खिशात टाकल्या.
रजिस्टरात लिहिलं, पूर्ण.

एवढंच सांगायचं होतं.
बाकीचं सगळं ऑफिसात जमा आहे.

निवृत्तीनंतर एकदा कणकवलीच्या स्टँडवर
कुणी हाक मारली, घाटी डॉक्टर!
मी कधीच डॉक्टर नव्हतो.
वळलो, आणि आधी खाली पाहिलं,
मग चेहऱ्याकडे.
त्याच्या ते लक्षात आलं.
त्यानं मांडीवरची पिशवी
सावकाश उतरवून पायांपुढे ठेवली
आणि विचारलं,
"अजून रात्रीचेच फिरतास काय?"