साडे

माझ्या अर्ध्या तासावर सगळ्यांचा राग.
विनिपेगला दहा, लिस्बनला चार,
मनिलात रोवेनाच्या खिडकीबाहेर बारा,
आणि मुलुंडला, जेवणाच्या टेबलाच्या पुसलेल्या कोपऱ्यात,
साडेनऊ.
"तुम्हाला पूर्ण तास परवडत नाहीत का?"
तियागो विचारतो, दर गुरुवारी,
आणि दर गुरुवारी मी हसते,
हसणं पगारात धरलेलं असल्यासारखी.

त्याला कसं सांगू, आमच्याकडे
अर्ध्याला स्वतःचं नाव असतं, पावालासुद्धा.
सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच.
तळमजल्यावरच्या करमरकरांना औटकी अजून पाठ आहे.
ते सांगतात, त्यांच्या लहानपणी या शहराचं घड्याळच वेगळं होतं,
बाकी देशाच्या एकोणचाळीस मिनिटं मागे,
आणि कुणाचं काही अडलं नाही.

माझं अडतं.
मार्चमध्ये दोन शहरं आपापले काटे पुढे सारतात,
तेही एकाच रविवारी नाही,
आणि मी वहीत पुन्हा बोटं मोजत बसते.

इंग्रजी आमची चौघांची भाड्याची.
मालकाचं सामान हलवायचं नाही, खिळा ठोकायचा नाही.
मी एकदा लिहिलं, उद्यापर्यंत रिव्हर्ट करते.
उत्तर देते, एवढंच म्हणायचं होतं;
तियागो रात्रभर जागला,
त्याचा आठवड्याचा कोड मी मागे फिरवणार म्हणून.
ओलेना 'द' गाळते. कुठे गाळते तेवढं मला आता पाठ आहे.

"डे आफ्टर टुमॉरो" फार लांब पडतं
म्हणून एकदा मी त्यांना माझा एक शब्द दिला: परवा.
मागचाही तोच, पुढचाही तोच.
मग कळतं कसं? ओलेनाने विचारलं.
क्रियापदावरून, मी म्हटलं. आलं की गेलं, येईल की जाईल.
फार आवडला त्यांना.
बिल्ड परवा. सुट्टी परवा.
रोमन अक्षरांत, शेवटी उद्गारचिन्ह.

नोव्हेंबरात रोवेनाने दोनच शब्द टाकले.
वडील. परवा.
ते जहाजावर असतात, रॉटरडॅमहून निघालेत,
हे महिनाभर ऐकत होतो आम्ही.
तियागोने फुगा लावला.
ओलेनाने केक.
मीही काहीतरी लावलं, रंगीत.

क्रियापद नव्हतं.

चाळीस मिनिटांनी तिने ते इंग्रजीत लिहिलं.
फुगा निघाला. केक निघाला.
मग एकेक करून आम्ही तिघांनी
सॉरी फॉर युअर लॉस लिहिलं, तेच, तसंच,
कारण त्या भाड्याच्या घरात
यासाठी एकच भांडं आहे.
मी मराठीत काहीतरी लिहायला घेतलं होतं.
अर्ध्यात पुसलं. तिला वाचता आलं नसतं,
आणि वाचता आलं असतं तर
मला लिहिता आलं नसतं.

ती परतल्यावर मी मीटिंगची वेळ बदलायला बसले.
कशीही फिरवा,
रात्र कुणाच्या तरी ताटात पडतेच.
मनिलात सकाळचे नऊ करावेत तर लिस्बनला रात्रीचा एक.
विचारावं कसं, या विचारात मी दोन दिवस घालवले.
तियागोने आधीच तक्त्यात आपलं नाव टाकलं होतं,
एक वाजताच्या रकान्यात. खाली काही लिहिलं नव्हतं.

आता मी साडेसहाला बसते.
आमचं पाणी तेव्हाच येतं.
बादल्या रांगेत, नळ उघडा, लॅपटॉप ओट्यावर,
आणि आज म्यूट करायचं राहिलं.
"हा कसला आवाज?" रोवेना म्हणाली.
पाणी, मी म्हटलं. पाऊण तास असतं फक्त.
पाऊण म्हणजे किती, तिने विचारलं,
आणि मी सांगायला लागले, तर ओलेना म्हणाली,
थांब, आधी बादली बघ,
भरली वाटतं.